हातचा कुठे लिहून ठेवायचा?

गेल्या आठवड्यात सकाळच्या वर्तमानपत्रातून एक पत्रक खाली पडलं. आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याशा वर्गाची ती जाहिरात होती: 'मुलांचा मेंदू कॉम्प्युटरसारखा करा, एका वेळी अनेक कामं!' शेजारी डोळ्यांना पट्टी बांधून पुस्तक वाचणाऱ्या मुलीचा फोटो. पट्टीखालून, नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून दिसतं, म्हणून वाचता येतं. त्यात मेंदूची कसलीही शक्ती जागी होत नाही, आणि अशा वर्गांना पालकांनी एक रुपयाही देऊ नये. पण मला त्याहून जास्त खटकलं ते कॉम्प्युटरबद्दलचं विधान. प्रोसेसरच्या एका कोअरवर एका वेळी एकाच कामाची माळ, म्हणजे थ्रेड, ओढली जाते. काही चिपमध्ये दोन माळा चालतात, पण शेकडो नाही. कॉम्प्युटरची खरी करामत वेगळी आहे. हातातलं काम अर्ध्यावर ठेवायचं, दुसरं उचलायचं आणि पहिल्याकडे परत आल्यावर एक अक्षरही विसरलेलं नसायचं.

ही करामत मी लहानपणी लासलगावला पाहिली होती. मामांचं कांद्याचं खळं होतं आणि तिथे दिवाणजी बसत. त्यांच्यासमोर तीन-चार वह्या असत: शेतकऱ्यांच्या हिशेबाची, हमाली-तोलाईची, ट्रकभाड्याची. लांबलचक बेरीज अर्ध्यावर आली की कोणीतरी हमालीचे पैसे मागायला दारात उभा राही. दिवाणजी चिडत नसत. आतापर्यंतची बेरीज आणि हातचा ते त्याच वहीच्या समासात पेन्सिलीने लिहीत, दोरा घालून वही मिटत आणि दुसरी उघडत. अर्ध्या तासाने पहिली वही उघडली की समासातला हातचा उचलायचा आणि बेरीज पुढे चालू. त्या वहीपुरता मधला अर्धा तास झालेलाच नसे.

सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये ही वही म्हणजे स्टॅक, मेमरीतला एक राखीव पट्टा. एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याने, दुसऱ्याला बोलावलं की परत कुठे यायचं तो पत्ता स्टॅकवर लिहिला जातो, आणि फंक्शनची स्वतःची तात्पुरती चलंही साधारण तिथेच राहतात. दिवाणजींच्या डोक्यातले आकडे म्हणजे प्रोसेसरचे रजिस्टर, त्याच्या आतल्या आकडे धरायच्या मोजक्या जागा. वहीतला दोरा म्हणजे स्टॅक पॉइंटर, स्टॅकवर कुठवर आलो ते दाखवणारा. तोही एक रजिस्टरच. काम बदलायचं तर ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारायलाच हवी असं नाही. आपल्याच प्रोग्रॅमने मेमरीत दोन-चार स्टॅक मांडून ठेवावेत आणि एका वहीतून दुसऱ्या वहीत जावं. अशा कामांना कोरुटीन म्हणतात. अमेरिकन संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी हा शब्द 1958 साली वापरला आणि 1963 साली त्यावर लेख लिहिला. आज गो भाषेचे गोरुटीन किंवा जावा 21 मधले व्हर्च्युअल थ्रेड अगदी नव्या शोधासारखे मिरवले जातात. त्यांच्या मुळाशी हीच साठ वर्षांपूर्वीची वही आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो. इंटेल-एएमडीच्या 64 बिटच्या प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाचे 16 रजिस्टर असतात. तरीही लिनक्सवर एका कोरुटीनमधून दुसऱ्यात जाणारी, हाताने लिहिलेली अदलाबदल त्यातले सहाच स्टॅकवर ढकलते: आरबीएक्स, आरबीपी आणि आर12 ते आर15. बाकीचे का नाही? कारण अदलाबदल हासुद्धा एक साधा फंक्शन कॉलच आहे. फंक्शन बोलावण्याआधी उरलेल्या रजिस्टरांतलं काही पुढे लागणार असेल, तर ते कंपायलरने (सीचं प्रोसेसरच्या सूचनांत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) आधीच बाजूला ठेवलेलं असतं, तसा करारच आहे. दिवाणजी स्वतःच्या सोयीने, एक ओळ पूर्ण करून थांबतात, म्हणून समासात दोन आकडे लिहून त्यांचं भागतं. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र थ्रेडला कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये अडवू शकते. लिहिता लिहिता हातातून पेन्सिल ओढून घेतल्यासारखंच ते. त्यामुळे तिला सगळंच जपून ठेवावं लागतं.

सहा रजिस्टर स्टॅकवर गेले की स्टॅक पॉइंटर मेमरीत एका ठिकाणी टिपायचा आणि मग त्या रजिस्टरमध्ये दुसऱ्या कामाचा स्टॅक पॉइंटर भरायचा. एवढ्या दोनच सूचना. त्यानंतरच्या सूचना सहा रजिस्टर परत उचलतात, पण आता वही दुसरी असल्यामुळे वर येतात ते दुसऱ्या कामाचे आकडे. शेवटची सूचना 'रिटर्न'. ती स्टॅकवरचा वरचा पत्ता उचलते आणि तिथे जाते. तो पत्ताही दुसऱ्याच कामाचा! फंक्शनमध्ये शिरला एक आणि त्यातून बाहेर पडला दुसराच. पुढे कुठे जायचं हे वेगळं जपावंच लागलं नाही, ते वहीत आधीच लिहिलेलं होतं.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या नियंत्रकांसाठी सी लिहितो. हे पहिल्यांदा जीडीबी डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायच्या साधनात, एकेक सूचना पुढे सरकवत पाहिलं, तो दिवस अजून आठवतो. कोणी कोणाला बोलावलं याची साखळी पडद्यावर होती. एक सूचना पुढे गेलो आणि ती साखळी बिघडून अर्थहीन झाली. अजून सात सूचना गेल्या आणि पूर्ण वेगळी, धडधाकट साखळी समोर उभी राहिली. लहानपणी ऐकलेल्या परकायाप्रवेशाच्या गोष्टींत जो थरार होता तो इथे खराखुरा मिळतो, आणि कोणाच्याही संगणकावर पुन्हा पुन्हा करून बघता येतो.

जे काम अजून सुरूच झालेलं नाही, त्याच्या वहीत काय असतं? काहीच नाही. म्हणून तिथे आपण आधीच नोंद करून ठेवायची: जणू हे काम आपल्या पहिल्या ओळीच्या अगदी आधी थांबलं होतं. नव्या स्टॅकवर सहा रजिस्टरांच्या जागा सोडायच्या आणि त्यांच्यावरच्या जागेत सुरुवातीच्या फंक्शनचा पत्ता लिहायचा. 'रिटर्न' तिथे पोहोचतं आणि जे कधी थांबलंच नव्हतं ते 'पुन्हा' सुरू होतं.

युनिक्समध्ये यासाठी तयार फंक्शन आहेत: गेटकॉन्टेक्स्ट, मेककॉन्टेक्स्ट, स्वॅपकॉन्टेक्स्ट, सेटकॉन्टेक्स्ट. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स प्रमाणकाने 2008 च्या आवृत्तीत ती काढून टाकली. कारण मेककॉन्टेक्स्टला दिलेल्या फंक्शनचे पॅरामीटर (त्याला पुरवायची मूल्यं) जाहीर करायची सीमधली जी जुनी ढिली पद्धत होती, ती भाषेतच कालबाह्य ठरली होती. शिवाय हे पॅरामीटर इंट, म्हणजे साध्या 32 बिटच्या पूर्णांक, प्रकारचेच हवेत, म्हणून 64 बिटचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नेटकेपणाने द्यायचा तर त्याचे दोन तुकडे करून पलीकडे जोडावे लागतात. लिनक्सवरच्या जीलिबसी या सीच्या लायब्ररीमध्ये ही फंक्शन अजूनही आहेत. पण तिथला स्वॅपकॉन्टेक्स्ट दर वेळी सिग्नलचा मास्क (कोणते सिग्नल अडवायचे त्याची यादी) जपतो आणि त्यासाठी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हाक मारतो. जी फेरी टाळायची म्हणून हे सगळं मांडलं, तीच पुन्हा पदरात पडते. म्हणूनच वेग हवा असणारे लोक ही अदलाबदल असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, स्वतः लिहितात.

वह्या जपायचं कामही आता आपलंच असतं. लिनक्सवर थ्रेडला सहसा 8 एमबी स्टॅक मिळतो. आपण कोरुटीनला 64 केबी दिले आणि आतल्या फंक्शनने 100 केबीचा अ‍ॅरे (आकड्यांची सलग रांग) घेतला, तर लिखाण शेजारच्या मेमरीत जातं आणि बिघाड भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी दिसतो. म्हणून स्टॅकच्या खालच्या टोकाला लिहायला मनाई असलेलं मेमरीचं एक पान ठेवावं. ते साधारण 4 केबीचं असतं. त्याला हात लागला की प्रोग्रॅम सहसा तिथेच पडतो. मोठा अ‍ॅरे एका उडीत ते पान ओलांडू शकतो, म्हणून मोठे अ‍ॅरे स्टॅकवर न घेणंच बरं. दुसरी गोष्ट, एखाद्या कोरुटीनने नेटवर्कवरून डेटा येईपर्यंत थांबणारा साधा 'रीड' केला, तर त्या थ्रेडवरची सगळीच कोरुटीन अडतात. वह्या चार असल्या तरी दिवाणजी एकच आहेत.

काम संपलं, वहीचं शेवटचं पान आलं, की 'रिटर्न' कुठे जाणार? मेककॉन्टेक्स्ट वापरलं तर वही सुरू करतानाच यूसी-लिंक नावाच्या जागेत पुढच्या वहीचं नाव लिहून ठेवायचं असतं. ती जागा रिकामी सोडली, तर त्या फंक्शनबरोबर अख्खा थ्रेड संपतो.