सॉफ्टवेअर घेणं वेगळं, कामाची पद्धत बदलणं वेगळं

लघु-मध्यम उद्योगांसाठीच्या अनुदान योजनांमध्ये ‘बिगर-तांत्रिक नवोन्मेष’ (म्हणजे नवं यंत्र किंवा उत्पादन नव्हे, तर काम करण्याची किंवा विकण्याची नवी पद्धत) या नावाखाली सर्रास सॉफ्टवेअरची बिलं जोडली जातात. मंजूर करणारेही ती डोळे झाकून मंजूर करतात. यात नुकसान होतं ते खरोखर पद्धत बदलणाऱ्यांचं.

साधन आणणं सगळ्यांना ठाऊक आहे: कोटेशन, खरेदी, बसवणं, दोन दिवसांचं प्रशिक्षण. ते झालं.

पद्धत बदलणं म्हणजे निर्णय कोण, कधी आणि कशाच्या आधारे घेतो हे बदलणं. ग्राहकानं सवलत मागितली की दरपत्रक मालकाच्या टेबलावर जातं. सॉफ्टवेअर आल्यावर तेच दरपत्रक मालकाच्या मोबाइलवर जातं. मालक प्रवासात असले की ते पूर्वीइतकंच अडकतं. यात नवं काय? त्याऐवजी नियम करा: 5 टक्क्यांपर्यंत सवलत विक्री प्रतिनिधी स्वतः देईल, 10 टक्क्यांपर्यंत विभागप्रमुख, त्यापुढे मालक. मर्यादेबाहेरच्या प्रकरणांचा आढावा दर सोमवारी. याला साधी वही पुरते, आणि हा संघटनात्मक नवोन्मेष आहे. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी नवा नियम चालतो का, एवढंच तपासा.

विपणनातली गफलत किरकोळ आहे. भाव उतरवणं किंवा हंगामापुरतं पॅकिंग बदलणं नवोन्मेषात येत नाही. भाव ठरवण्याची रीतच नवी असेल तर येतं. नवोन्मेष कशाला म्हणायचं आणि तो कसा मोजायचा हे सांगणाऱ्या ‘ओस्लो मॅन्युअल’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या 2005 च्या आवृत्तीत विपणन आणि संघटन हे स्वतंत्र प्रकार होते. 2018 मध्ये वर्गवारी बदलली, पण बदल प्रत्यक्ष वापरात आलेला हवा ही अट कायम राहिली.

अनुदान देणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच अडते. बिलावर पैसे दिले की बिल येतं, पद्धत येत नाही. सल्लागाराची जाडजूड फाइल कपाटात जाते. कामाची गर्दी वाढली की मालक सवयीनं प्रत्येक दरपत्रक पुन्हा स्वतःकडे मागवतात. प्रतिनिधीचे दोन निर्णय फिरवले गेले की तिसरा तो घेतच नाही, आणि नियम कागदावर उरतो.

म्हणून आधी 4 आठवडे दरपत्रकाला लागणारा वेळ आणि दिलेली सवलत नोंदवा. मग एकाच गटात 8 आठवडे चाचणी घ्या. अनुदानाचा शेवटचा हप्ता 6 महिन्यांनी द्या, तोही मालकाकडे न जाता किती निर्णय झाले हे वहीत पाहून. मालकाचे आणि कर्मचाऱ्यांचे तास पात्र खर्चात धराच. छोट्या उद्योगात पद्धत बदलताना अनेकदा सगळ्यात मोठा खर्च तोच असतो. त्याचं बिल नसतं, म्हणून कोणी किती तास दिले याचा तक्ता मागा.