नाचणी हाडांची, बाजरी रक्ताची

"रक्त कमी आहे ना, मग नाचणी खा." बचत गटाच्या बैठकीत आणि दवाखान्याच्या रांगेत हा सल्ला हमखास ऐकू येतो. देणारी मायेनेच देते, पण धान्याचं नाव चुकतं. नाचणीचं पीठ लालसर, म्हणून ती रक्त वाढवत असेल असं वाटतं. बीटाच्या बाबतीतही हीच समजूत आहे. प्रत्यक्षात 100 ग्रॅम बीटात 1 मिलिग्रॅमही लोह भरत नाही. रंगावरून लोह ओळखता येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम 364 मिलिग्रॅम आहे, बाजरीत अवघं 27. लोह बाजरीत 6.4 मिलिग्रॅम, नाचणीत 4.6, गव्हाच्या पिठात 4.1. म्हणजे लोहापुरतं बोलायचं तर नाचणीची भाकरी आणि चपाती यांत फारसा फरक नाही. कॅल्शियममध्ये मात्र गहू, ज्वारी, बाजरी यांतलं एकही धान्य नाचणीच्या आसपास फिरकत नाही.

हा घोळ किरकोळ नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चार घरची धुणीभांडी करणारी बाई जिना चढताना धापा टाकते, नेमाने नाचणीचं आंबील पिते आणि सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन तिथल्या तिथेच असतं. मग "घरच्या खाण्याने काही होत नाही" असा तिचा समज होतो, आणि तो मोडणं पहिल्यापेक्षा अवघड जातं.

आता हिशेब ताटाचा. मध्यम भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं. बाजरीच्या दोन भाकऱ्यांतून पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीसाठी रोजची शिफारस 29 मिलिग्रॅमची आहे. धान्यातल्या लोहापैकी शंभरात सात-आठ भागच अंगी लागतात, म्हणून भाकरीसोबत काय खाल्लं हे भाकरीइतकंच महत्त्वाचं. जेवताना लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर शोषण वाढतं. लिंबू उसळ शिजताना पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने बरंचसं नष्ट होतं. डब्यात फोड वेगळी न्यावी आणि खाताना पिळावी. सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ असावी. कोकणात, कोळीवाड्यात सुकट किंवा जवळा परवडतो. अशी मासळी भाकरीतलं लोह शोषायलाही हात देते.

जेवणाबरोबरचा चहा मात्र लोह अडवतो. पहाटे कामाला निघणाऱ्या बाईला "चहा सोडा" सांगून उपयोग नाही, तो सुटत नाही. चहाची वेळ सरकवायला सांगावं: जेवणाच्या आधी एक तास, नंतर एक तास. एवढं जमतं.

नाचणीच्या एका भाकरीतून सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम मिळतं. रोजची शिफारस 1000 ची आहे. दूध परवडत नाही त्या घरात हा आधार मोठा आहे. पण नाचणीच्या सालीतले टॅनिन आणि तिच्यातलं कॅल्शियम, दोन्ही लोहाच्या आड येतात. म्हणून दोन्ही पिठं एकत्र मळून "दोन्हीचा फायदा" मिळवण्यापेक्षा वेळा वाटून घेणं बरं: दुपारच्या डब्यात बाजरी आणि लिंबू, संध्याकाळी नाचणी आणि ताक.

गोळ्यांनाही हाच नियम. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात 20 ते 49 वयाच्या, गरोदर किंवा स्तनदा नसलेल्या स्त्रीला आठवड्याला लोहाची एक लाल गोळी मिळते; गरोदरपणी ती रोजची होते आणि जोडीला कॅल्शियमची गोळीही येते. दोन्ही एकदम गिळल्या तर लोह वाया जातं. दोन तासांचं अंतर हवं. लाल गोळी दूध, चहा किंवा आंबिलाबरोबर नको. जेवणानंतर पाण्यासोबत घेतली तर मळमळ कमी होते. शौच काळं होतं, त्याने घाबरून गोळी बंद करू नये. आणि हिमोग्लोबिन 8 पर्यंत उतरलेल्या बाईला भाकरी सुचवून थांबणं हा अन्याय आहे. तिला आधी आरोग्य केंद्रात पाठवावं. भाकरी औषधाच्या जोडीला.

नाचणी 'सत्त्व' म्हणून मिळते तेव्हा आणखी एक गोंधळ होतो. भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं आणि जाड चाळणीने चाळलेलं सत्त्व चांगलं. पण भिजलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरट साका वाळवला तर चोथ्याबरोबर बरंचसं कॅल्शियमही जातं, कारण त्याचा मोठा वाटा सालीत असतो. ते पचायला हलकं असतं, बाळासाठी ठीक; आईच्या हाडांसाठी अख्खं पीठच घ्यावं.

स्वयंपाकातली अडचण दोन्हींची वेगळी. मराठवाडा-नगरकडून शहरात आलेल्या बायकांचा हात बाजरीवर बसलेला असतो, कोकण आणि नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांचा नाचणीवर. परकं पीठ हाती आलं की भाकरी फाटते आणि प्रयोग तिथेच संपतो. नाचणीला चिकटपणा नाही, म्हणून उकड काढावी: एक वाटी पाण्याला उकळी आली की मीठ आणि वाटीभर पीठ घालून झाकावं, पाच मिनिटांनी गरम असतानाच मळावं. बाजरीचं दुखणं पीठ जुनं होण्याचं. तिच्यात तेल जास्त, त्यामुळे दळल्यावर आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं, विरी जाते आणि भाकरी थापतानाच तुटते. महिन्याचं दळण एकदम आणू नये. आठवड्यापुरतं दळावं, कडू वास आलेलं पीठ गव्हात मिसळून खपवू नये.

आंबिलासाठी दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ आधी अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवावं, मग पेलाभर उकळत्या पाण्यात ढवळत सोडावं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात पडलं की गुठळ्या होतात आणि आत कच्चंच राहतं. पाच-सात मिनिटं शिजवून, पूर्ण निवल्यावरच ताक, मीठ, जिरेपूड घालावी. गरम असताना घातलेलं ताक फाटतं.