ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी उघडताय? आधी एवढं वाचा

ह्यूस्टन आणि आसपासच्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

आमच्याकडून ४एल६०-ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचं किट नेणाऱ्यांत मराठी घरं आता बरीच आहेत. बहुतेकांची कहाणी एकच. ट्रेलर ओढायला जुनी सिल्व्हराडो घेतली, काही वर्षं झकास चालली आणि ऐन उन्हाळ्यात तिसरा गिअर लागेनासा झाला. मग बाप-लेक किंवा भाऊ-भाऊ मिळून घरच्या गॅरेजमध्येच बॉक्स उघडायचं ठरवतात. आम्हाला याचा मनापासून आनंद होतो. आमचे एक भागीदार कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर शिकले. काम उघडून, हात काळे करूनच येतं, हे त्यांनी तिथेच पाहिलं.

कुठला भाग कुठे बसतो ते किटसोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत आहे. तो भाग कशामुळे जळला, ते शोधायचं काम मात्र तुमचं आहे आणि हे पत्रक त्यासाठी आहे.

नावापासून सुरुवात करू. ४ म्हणजे पुढचे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला, ६० हा ताकदीचा दर्जा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. १९८२ साली आलेल्या ७००आर४ या बॉक्सची ही पुढची पिढी. १९९३पासून ती ट्रकमध्ये आली. पहिला गिअर ३.०६, दुसरा १.६३, तिसरा सरळ १ आणि चौथा ०.७०. दुसऱ्याहून तिसऱ्यात जाताना सगळा भार ‘तीन-चार क्लच’च्या, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या एकाच क्लचच्या, पातळ प्लेटांवर येतो. त्यात मागे ट्रेलर असला की त्या प्लेटांची परीक्षाच असते.

बॉक्स खाली उतरवण्याआधी गाडी नीट चालवून पाहा. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स ठीक, पण तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी पुढे रेटत नाही, तर तीन-चार क्लच जळालाय. पहिला आणि तिसरा लागतात, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गायब झालेत, तर बहुधा सन शेलचे (हे तीन गिअर चालवणाऱ्या पोलादी कवचाचे) दाते गेलेत. दोन्ही दुखणी वेगळी, त्यांचं सामानही वेगळं. गाडीच्या संगणकात पी१८७० हा बिघाडाचा कोड असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या भागाचा) क्लच घसरतोय. मग व्हॉल्व्ह बॉडीकडे, म्हणजे तेलाचा दाब वाटणाऱ्या भागाकडे, आधी बघा.

बॉक्सच्या तळाचं तेलाचं पॅन उघडल्यावर त्यातल्या चुंबकावर राखाडी लगदा दिसला तर घाबरू नका. जुन्या बॉक्समध्ये तेवढा असतोच. काळा भुगा आणि जळका वास म्हणजे प्लेटांचं अस्तर गेलं. पितळी चकाकी दिसली तर बुश किंवा वॉशर झिजलेत. पोलादाचे तुकडे सापडले, तर पुढचं काम घरी करू नका, बॉक्स आमच्याकडे आणा.

आता मुख्य मुद्दा. तीन-चार क्लच सहसा आपणहून जळत नाही. तेलाचा दाब कुठेतरी गळतो, प्लेटा घट्ट दाबल्या जात नाहीत, घसरतात, तापतात आणि जळतात. तुम्ही जुन्या प्लेटा काढून नव्या घातल्या आणि गळती तशीच ठेवली, तर नव्यांचीही तीच गत होणार. किट घातलं आणि काही महिन्यांत तिसरा पुन्हा गेला, म्हणून आमच्याकडे परत आलेल्या ग्राहकांचे बॉक्स उघडले, तेव्हा प्लेटांत खोट नव्हती. गळती जुनीच होती.

ती कुठे शोधायची? पहिली जागा इनपुट ड्रममधल्या पिस्टनची सील. उष्णतेने रबर कडक होतं. नखाने दाबून पाहिलं की कळतं. त्याच ड्रमच्या शाफ्टवरच्या टेफ्लॉन रिंगा नव्या घाला, पण बसवताना त्या ताणल्या जातात, म्हणून रिंग सायझरने पुन्हा मापात आणा. हे टाळलं, तर ड्रम बॉक्सच्या तेलपंपात बसवताना रिंग कापली जाते आणि ते तुम्हाला दिसणारही नाही. दुसरी जागा फारच थोडे लोक तपासतात: केसमध्ये तिसऱ्या ॲक्युम्युलेटरची (दाबाचा झटका झेलणाऱ्या भागाची) छोटी चेकबॉल कॅप्सूल, म्हणजे तेल अडवणारी गोळी असलेली डबी, असते. त्या भोकात सॉल्व्हंट ओता आणि आत झिरपतं का पाहा. झिरपलं तर कॅप्सूल बदला. तिसरी जागा पंपातला दाब वाढवणारा बूस्ट व्हॉल्व्ह. चौथी व्हॉल्व्ह बॉडीतलं कन्व्हर्टर क्लचच्या व्हॉल्व्हचं बोअर (भोक). तिथे व्हॉल्व्ह सतत मागेपुढे होऊन ॲल्युमिनियम खातो. पी१८७० येतो तो बहुतेक वेळा इथूनच.

या चारांपैकी पहिल्या दोन जागा तुम्ही घरी हाताळू शकता. पंप आणि व्हॉल्व्ह बॉडी मात्र आमच्याकडे द्या. बोअर रीम करून स्लीव्ह बसवायला अचूक यंत्र लागतं आणि त्या कामात अंदाज चालत नाही.

जोडणीत आमचा आग्रह दोन गोष्टींचा. एक, स्वच्छता. जुन्या टॉवेलचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो; धागे न सुटणारं कापडच वापरा. चेकबॉल जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन चालतं, चाकांना लावतात ते ग्रीस चालत नाही, कारण ते तेलात विरघळत नाही. दोन, मोजमाप. नव्या प्लेटा किमान अर्धा तास तेलात भिजवा. तीन-चार क्लचमध्ये आम्ही ०.०३० ते ०.०४० इंच मोकळीक ठेवतो. सगळं जुळल्यावर इनपुट शाफ्टचा एंड प्ले (पुढेमागे हलण्याइतकी मोकळीक) डायल गेजने मोजा, तो ०.००५ ते ०.०३६ इंचांत हवा. नाहीतर सिलेक्टिव्ह वॉशर (वेगवेगळ्या जाडीत मिळणारा) बदला. पंप चढवण्याआधी ड्रममध्ये ३० ते ४० पीएसआय हवा सोडून बघा: पिस्टन ठणठणीत हलला पाहिजे आणि हवेची फुसफुस ऐकू येता कामा नये.

कन्व्हर्टर जुना वापरू नका, त्यातला भुगा धुऊन निघत नाही. कूलर आणि त्याच्या नळ्याही फ्लश करा. नवा कन्व्हर्टर बसवताना तो तीन टप्प्यांत आत जातो. तिन्ही ‘खट’ हाताला जाणवले पाहिजेत. त्यानंतर बॉक्स इंजिनाला हाताने चिकटेपर्यंत जायला हवा. बोल्टांनी ओढून बसवलात तर पंप फुटलाच म्हणून समजा.

बॉक्सचं वजन दीडशे पौंडांच्या आसपास आहे, कन्व्हर्टर वेगळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जायचं नाही. पक्के स्टँड लावा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि ट्रान्समिशन जॅक नसेल तर आमचा भाड्याने न्या.

तेल डेक्सरॉन ६. पूर्ण कोरड्या बॉक्सला कन्व्हर्टरसकट सुमारे ११ क्वार्ट लागतं, पण एकदम ओतू नका. पाचेक क्वार्ट घालून इंजिन सुरू करा, मग थोडंथोडं वाढवत जा. पातळी सपाट जागी, इंजिन चालू, पार्कमध्ये आणि तेल गरम असतानाच बघा. पहिले काही मैल ट्रेलर न जोडता, हलक्या पायाने चालवा.

पंप किंवा व्हॉल्व्ह बॉडी आणताना गाडीचं साल आणि इंजिन कागदावर लिहून खोक्यात टाका, कारण सालागणिक भाग बदलतात. जळालेल्या प्लेटा आणि जुने सीलही टाकू नका. त्याच खोक्यात घेऊन या. ते बघून गळती कुठली ते आम्ही सांगू, त्याचे पैसे घेत नाही.