जाताना सोळा, येताना चौदा

आमच्या शेजारच्या काकू सांगलीच्या विश्रामबागेतून न्यू जर्सीला, मुलाकडे निघाल्यात. परवा तिकिटाचा कागद घेऊन आल्या त्या भांडायच्या तयारीतच. "जाताना सोळा तास नि येताना चौदा? अंतर तेवढंच ना रे?" त्यांनी स्वतः गणितही मांडलं होतं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे आपण पश्चिमेला निघालो की अमेरिकाच आपल्याकडे सरकत येणार. मग वेळ जातानाच कमी लागायला हवा.

पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. चालत्या एसटीत वर उडवलेलं नाणं मागच्या सीटवर पडत नाही, आपल्याच हातात येतं.

अंतर मोजायला नातवाचा पृथ्वीगोल आणि काकूंचा गजऱ्याचा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणला, तर तो अरबस्तान-आफ्रिका सोडून वर चढला. कॅस्पियन समुद्राच्या उत्तर टोकावरून, हेलसिंकीजवळून, आइसलँडला घासून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी. हे सुमारे 12,500 किलोमीटर. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट, मर्केटर पद्धतीच्या नकाशात पट्टीने रेघ मारून त्या वाटेने गेलं तर 14,200 च्या आसपास भरतं. प्रत्यक्षात विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. कुठे युद्ध, कुठे बंद हवाई हद्द, आणि मुख्य म्हणजे वारा.

जमिनीपासून साधारण 9 ते 12 किलोमीटरवर, म्हणजे विमानांच्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद झोत वाहतात. हीच जेट स्ट्रीम. उष्ण प्रदेशातली हवा ध्रुवाकडे सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेला वळते. म्हणजे काकूंची फिरणारी पृथ्वी या भानगडीत आहेच, पण उलट बाजूने! हिवाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक वाढतो, तसा झोतही वाढतो. ताशी 200 किलोमीटर त्याला काहीच नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये असाच झोत पाठीशी घेऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं.

या वाऱ्यांची पद्धतशीर मोजमापं 1920 च्या दशकात जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून केली. जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या, सगळ्या देशांसाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला, आणि तो फारसा कुणी वाचलाच नाही.

काकूंना पटलं ते कृष्णेमुळे. आयर्विन पुलाखालून प्रवाहाविरुद्ध होडी मारायची नि परत यायचं, तर वेळ सारखा लागेल का? त्यांचा पुढचा प्रश्न मात्र पक्का होता. जाताना गेलेलं येताना भरून निघतं का? नाही. हिशेबापुरतं अंतर दोऱ्याचंच 12,500, विमानाचा वेग ताशी 900 आणि वारा 100 धरा. जाताना 800 च्या वेगाने 15.6 तास, येताना 1,000 च्या वेगाने 12.5. एकूण 28.1. वाराच नसता तर 27.8. उलटा वारा जास्त वेळ सोसावा लागतो, म्हणून वीसेक मिनिटं अंगावर येतातच.

परतीचं तिकीट जानेवारीतलं, झोताच्या भरातलं. म्हटलं, न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला अर्धा तास आधीच मुंबईत पोचायला सांगा.

"ते सांगते," काकू दोरा गुंडाळत म्हणाल्या, "पण पनवेलला ट्रॅफिक लागलं तर?"