रॅम डिस्क आणि व्हर्च्युअल मेमरी: आभासी नेमकं काय?

"दादा, व्हर्च्युअल मेमरी 16 जीबी केली की, तरी फोटोशॉप पळंना झालंय." हा कोल्हापुरात राजारामपुरीत लग्नाचे अल्बम करणारा माझा मित्र. त्याला करायची होती रॅम डिस्क, म्हणजे रॅमच्या तुकड्याचा बनवलेला ड्राइव्ह, आणि वाढवून बसला होता पेजफाइल, म्हणजे विंडोज रॅमऐवजी वापरते ती डिस्कवरची फाइल. हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय, की आता लिहूनच ठेवतो.

रॅम वेगवान असते हे तुम्हाला ठाऊक आहे. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, तर डीडीआर4-3200 प्रकारच्या रॅमच्या एका स्टिकची कागदावरची मर्यादा 25.6 जीबी. एवढं पुरे.

सगळा गोंधळ 'व्हर्च्युअल' या शब्दानं केलाय. तो ज्याला चिकटतो ती वस्तू आभासी. रॅम डिस्क हा व्हर्च्युअल ड्राइव्ह: त्यात ड्राइव्ह आभासी, जागा खऱ्या रॅममधली. विंडोजच्या सेटिंगमधल्या 'व्हर्च्युअल मेमरी'त मेमरी आभासी, जागा डिस्कवरची.

उद्यमनगरातल्या कारखान्यातला लेथ डोळ्यांसमोर आणा. शेजारचं टेबल ही रॅम, मागचं गोडाऊन ही डिस्क. टेबलाचा एक कोपरा खडूनं आखून तिथं सतत लागणारी टूल्स मांडली, की झाली रॅम डिस्क. हात लांबवला की वस्तू मिळते, पण जॉब, म्हणजे लेथवर घडवायचे भाग, ठेवायला टेबल तेवढं कमी पडतं. टेबलावर मावेनात म्हणून अर्धवट जॉब गोडाऊनात नेऊन ठेवले, की झाली पेजफाइल. काम थांबत नाही, पण दर खेपेला चालत जावं लागतं.

म्हणून 8 जीबीच्या मशीनवर 4 जीबीची रॅम डिस्क काढली, की विंडोज उरलेल्या चारात गुदमरतं आणि पेजफाइलकडं धावतं. मशीन आधीपेक्षा हळू होतं. त्याहून मला चीड येते ती फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे त्याची तात्पुरता डेटा ठेवायची जागा, रॅम डिस्कवर टाकायच्या सल्ल्याची. फोटोशॉप स्क्रॅच वापरतं ते मुख्यतः रॅम अपुरी पडते तेव्हा. त्याचीच रॅम काढून घ्यायची आणि डिस्क म्हणून त्यालाच परत द्यायची, यात मिळालं काय? पेजफाइल रॅम डिस्कवर ठेवणं हाही तोच प्रकार.

लिनक्समध्ये टीएमपीएफएस ही रॅम डिस्कसारखी सोय तयारच मिळते, मर्यादा न दिल्यास अर्ध्या रॅमपर्यंत वाढते. विंडोजवर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. मात्र टीएमपीएफएसमधल्या फाइली रॅम कमी पडली की स्वॅपमध्ये, म्हणजे पुन्हा डिस्कवरच जातात.

रॅम डिस्क मला पटते ती एकाच कामाला: रॅम भरपूर शिल्लक आहे आणि पुन्हा बनवता येतील अशा हजारो छोट्या तात्पुरत्या फाइली लिहायच्या आहेत. प्रोग्रॅम कंपाइल करताना, उदाहरणार्थ. नुसत्या वाचायच्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या रॅममध्ये आपणहून धरून ठेवतेच.

मूळ काम मात्र तिथं कधीही ठेवू नका. आपल्याकडं जुलैत पावसाची झड लागली की लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मशीन बंद करताना रॅम डिस्कची प्रत डिस्कवर उतरवणारी सॉफ्टवेअर्स आहेत, पण लाइट गेली तर त्यांना तेवढी सवड मिळत नाही.

मित्राच्या मशीनमध्ये 8 जीबीची आणखी एक स्टिक बसवली, स्क्रॅच एसएसडीवर नेली आणि पेजफाइलचा आकार पुन्हा विंडोजवर सोपवला. परवा त्यानं एका बैठकीत चाळीस पानी अल्बम संपवला.