रे, लॉर्ड (डॉनल्ड जेम्स मकाय)

(२२ डिसेंबर १८३९ – १ ऑगस्ट १९२१). अकरावा लॉर्ड रे. ब्रिटिश उमराव, मुंबई इलाख्याचा गव्हर्नर (१८८५–९०). जन्म हेग येथे, स्कॉटिश मूळ असलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या डच झालेल्या घराण्यात.

पदवीतील ‘रे’ हे उत्तर स्कॉटलंडच्या केथनेस परगण्यातील एका गावाचे नाव. ते गेलिक भाषेतील गढी या अर्थाच्या ‘राथ’ शब्दावरून आले असावे, ही व्युत्पत्ती सामान्यतः ग्राह्य धरतात. पदवी पहिल्या चार्ल्‌सने १६२८ मध्ये मकाय टोळीचा प्रमुख सर डॉनल्ड याला दिली. वारसा मकाय नाव लावणाऱ्या पुरुष वंशजांकडे जावा, अशी सनदेची अट होती. दुसऱ्या लॉर्डाचा एक मुलगा डचांच्या स्कॉट पलटणीत नोकरीस गेला आणि त्याची शाखा तिकडेच रुजली. सातव्या लॉर्डाने १८२९ मध्ये वडिलार्जित मुलूख सदरलंड घराण्याला विकून टाकला. थोरली शाखा १८७५ मध्ये खुंटली, तेव्हा जमीन नसलेली ही पदवी हेगमधील ईनियस मकाय या डच मुत्सद्द्याकडे आणि वर्षभरात त्याच्या मुलाकडे आली.

येथे एक कायदेशीर पेच होता. परदेशी नागरिकाला उमरावांच्या सभागृहात बसता येत नसे. शिवाय १७०७ च्या एकीकरणानंतर स्कॉटलंडच्या उमरावांपैकी निवडलेल्या सोळांनाच तेथे जागा होती. १८७७ मध्ये रेने ब्रिटिश नागरिकत्व घेतले, तरी दुसरी अडचण उरलीच. १८८१ मध्ये त्याला युनायटेड किंग्डमची स्वतंत्र बॅरनपदवी मिळाली, तेव्हा ती सुटली. गव्हर्नराला ‘अकरावा लॉर्ड’ आणि ‘पहिला बॅरन’ असे दोन्ही म्हणतात, ते यामुळे.

लायडन येथे कायद्याची पदवी घेऊन तो १८७१ ते १८७५ डच संसदेत होता. मुंबईत त्याने तंत्रशिक्षणाकडे विशेष लक्ष दिले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली.

कारकिर्दीतील सर्वांत गाजलेली घटना म्हणजे क्रॉफर्ड प्रकरण (१८८८–८९). मध्य भागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हस्तकांमार्फत मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी पैसे घेतो, असा आरोप होता. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभयवचन दिले. चौकशी आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत. हाताखालच्या मुलखात कर्जे काढल्याबद्दल मात्र क्रॉफर्ड बडतर्फ झाला. वरिष्ठ सरकारने अभयवचन पूर्णपणे न पाळल्याने काही मामलेदारांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या बाजूने पुण्याच्या जाहीर सभेत टिळक बोलले. रेचा हेतू स्वच्छ होता याबद्दल फारसा वाद नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी देशी साक्षीदारांवर विश्वास ठेवल्याचा ठपका मात्र त्याच्यावर ठेवला. वरिष्ठांची संमती पक्की होण्याआधीच त्याने वचन देऊन टाकले, हा आक्षेप त्याहून वजनदार वाटतो.

पुण्यातील अष्टकोनी मनोऱ्याची मंडई १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली. तिच्यावरील खर्चाला नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. आज ती महात्मा फुले मंडई आहे. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही कागदोपत्री फुले मंडईच. म्हणजे गव्हर्नर आणि त्याने चौकशीत उभा केलेला अधिकारी, दोघांच्याही मंडयांवर आता एकच नाव आहे. पुण्यातील लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालयाचेही तसेच झाले. हार्बर मार्गावरील ‘रे रोड’ स्थानकाचे नाव तेवढे टिकले.

परतल्यावर तो काही काळ भारतमंत्र्याचा उपमंत्री (१८९४–९५), लंडन स्कूल बोर्डाचा अध्यक्ष (१८९७–१९०४) आणि ब्रिटिश अकादमीचा पहिला अध्यक्ष (१९०२–०७) होता. रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद १८९३ पासून अखेरपर्यंत त्याच्याकडे होते. १९०७ च्या शांतता परिषदेला तो ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून हेगला, आपल्या जन्मगावी गेला.

त्याला अपत्य नव्हते. १८८१ ची बॅरनपदवी त्याच्याबरोबर संपली. १६२८ ची पदवी नेदरलंड्समधील चुलत शाखेतल्या एरिक मकाय याच्याकडे गेली.