घरून संशोधन-नियतकालिके वाचण्यासाठी इन्फेड खाते : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

शासकीय संस्थांना संशोधन-नियतकालिके एकत्रित वर्गणीतून वाचायला देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद झाली असून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके तीत समाविष्ट आहेत. संस्थेच्या आवारातील नेटवर्कवरून ती सहसा पासवर्डाविना उघडतात, कारण प्रकाशकाकडे संस्थेचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर तिचे नेटवर्क ओळखणारे क्रमांक, नोंदवलेले असतात. घरून किंवा गावाहून वाचायचे झाल्यास मात्र इन्फेड खाते लागते. इन्फेड म्हणजे आपल्या संस्थेच्या ओळखीने प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर प्रवेश देणारी सामायिक व्यवस्था. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते.

केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधन संस्था यांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधक योजनेस पात्र आहेत. खासगी संस्था पहिल्या टप्प्यात नाहीत, त्यामुळे तेथील अर्जदाराने आपली संस्था यादीत आहे की नाही, हे ग्रंथपालांकडून आधी जाणून घ्यावे.

खाते संस्थेमार्फतच मिळते. संस्था प्रथम इन्फेडची सदस्य होते आणि एका जबाबदार व्यक्तीची, बहुतेक ठिकाणी ग्रंथपालांची, नोडल अधिकारी म्हणून नेमणूक करते. त्यानंतर वापरकर्ता नाव, विभाग, पद किंवा अभ्यासक्रम, मोबाइल क्रमांक आणि ईमेल पत्ता देऊन नोंदणी करतो व संस्थेने पडताळणी केल्यावर खाते सुरू होते. संस्थेचे ओळखपत्र आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याने प्रवेश कायम झाल्याचे पत्र जवळ ठेवावे. ईमेल शक्यतो संस्थेचाच द्यावा, कारण खासगी पत्त्यावरून अर्जदार खरोखर त्या संस्थेचा आहे का, हे ताडण्यात वेळ जातो.

प्रकाशकाच्या पानावर सहसा दोन वाटा असतात. एक त्या प्रकाशकाच्या वैयक्तिक खात्याची, दुसरी 'ॲक्सेस थ्रू युअर इन्स्टिट्यूशन' अशा नावाची. इन्फेडचा पासवर्ड पहिल्या चौकटीत चालत नाही, आणि 'पासवर्ड चुकीचा आहे' या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते. दुसरी वाट निवडून संस्थेचे नाव शोधले की ब्राउझर संस्थेच्या किंवा इन्फ्लिबनेटच्या पानावर जातो. पासवर्ड तिथेच, वरचा पत्ता नीट वाचून टाकावा. तो प्रकाशकाकडे जात नाही. ही व्यक्ती अमुक संस्थेची सदस्य आहे, एवढी ग्वाही त्याला पुरते.

परदेशातील सहलेखकाला आपला पासवर्ड देऊ नये. भारताचा इन्फेड 'एड्यूगेन' या, निरनिराळ्या देशांतील अशाच व्यवस्थांना जोडणाऱ्या, आंतरराष्ट्रीय जाळ्यात असल्यामुळे, सामायिक संशोधनाची एखादी सेवा त्या जाळ्यात असेल, तर दोघांनाही आपापल्या संस्थेच्या ओळखीने तिथे प्रवेश मिळू शकतो. एकाच खात्यावरून शेकडो लेख यंत्रवत उतरवल्यास प्रकाशक संपूर्ण संस्थेचा प्रवेश थांबवू शकतो, आणि त्याचा फटका शेजारच्या प्रयोगशाळेलाही बसतो.

संशोधकाची जागतिक ओळख म्हणून वापरला जाणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो आणि संस्था बदलली तरी तोच राहतो. इन्फेडचे खाते मात्र संस्थेच्या सदस्यत्वावर अवलंबून असते. पीएचडी पूर्ण झाल्यावर किंवा बदली झाल्यावर नोडल अधिकाऱ्यांना लेखी कळवून जुने खाते बंद करून घ्यावे व नव्या संस्थेत नव्याने नोंदणी करावी.